निजायच्या खोलीतला ओलावा

मैत्रिणींनो, घरातल्या यंत्रांची यादी काही संपत नाही. मिक्सर झाला, गिझर झाला, पाणी शुद्ध करणारे यंत्र झाले, आणि आता म्हणे हवेत पाणी सोडणारे! ह्युमिडिफायर असे त्याचे नाव. आमच्या घरी ते आल्यापासून ओळखीच्या चारपाचजणींनी मला फोन करून एकच विचारले, "घेऊ का गं मुलांच्या खोलीसाठी? आणि कुठलं घेऊ?" प्रत्येकीला अर्धा अर्धा तास सांगून झाले. म्हटले, एकदा सगळे लिहूनच काढावे.

सुरुवातीलाच एक सांगते, म्हणजे कुणाचे पैसे वाचायचे असतील तर वाचतील. तुमच्यापैकी बऱ्याचजणींना या यंत्राची गरजच नाही. माझे माहेर रत्नागिरीचे. तिथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटते आणि उघडे राहिलेले पापड संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. मुंबई, ठाणे, पणजी, सगळीकडे कमीअधिक हीच तऱ्हा. अशा हवेत आणखी पाणी सोडायचे म्हणजे भिंतीला बुरशी आणि उशीला कुबट वास विकत आणायचा. पावसाळ्यात तर कुठल्याच गावी हे यंत्र लावू नये.

पण आम्ही पडलो नागपूरचे. इथे धुतलेली चादर वाळत घालून पाठ वळवावी तो ती कडक होते. कोरडेपणा थंडीत असतो असे आपण समजतो, कारण तेव्हा ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. प्रत्यक्षात विदर्भातली हवा सर्वांत कोरडी असते ती होळीपासून मृग लागेपर्यंत. एप्रिल-मेच्या दुपारी तर हवेत ओलावा म्हणून काही राहतच नाही.

आमची धाकटी मनू, वय वर्षे सहा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिचा घोळणा फुटू लागला. पहिल्यांदा शाळेत फुटला, मग घरी, आणि नंतर रात्री झोपेत. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. सासूबाई कांदा फोडून हुंगायला देत, डोक्यावर गार पाण्याची धार धरीत. एके दिवशी गादीच्या खोळी बदलताना मी मनूची उशी उलटी केली, तर खालच्या बाजूला रक्ताचे सुकलेले डाग, एकावर एक. एका रात्रीचे नव्हेत, चारपाच रात्रींचे. तिला विचारले तर म्हणाली, "आजी घाबरते ना, म्हणून मी उशी फिरवून झोपते." सहा वर्षांची पोर रात्री एकटी उठते, बाहीला नाक पुसते, उशी फिरवते आणि पुन्हा झोपते! त्या दिवशी माझ्या हातापायांतले बळच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात.

आमच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी अंगावर कुठे निळे-काळे डाग पडतात का, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, असे सगळे विचारले, रक्त तपासले. सुदैवाने तसे काही निघाले नाही. मग त्यांनी मला नाकातली जागा समजावून सांगितली. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि वरची त्वचा कांद्याच्या पापुद्र्याइतकी नाजूक. हवा कोरडी झाली की तिथे खपली धरते, मूल झोपेत बोट घालते, खपली निघते आणि रक्त येते. म्हणून नखे अगदी मुळाशी कापायची, सलाईनचे थेंब घालायचे आणि झोपताना नाकपुडीच्या तोंडाशी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा.

घोळणा फुटला की काय करायचे तेही नीट सांगते, कारण ते अजून घरोघरी उलटेच करतात. मुलाला आडवे निजवायचे नाही, मान मागे टाकायची नाही. तसे केले की रक्त घशात उतरते आणि मग उलटी होते. बसवायचे, थोडे पुढे वाकवायचे, आणि नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे ठेवायचे. मधेच सोडून "थांबलं का?" म्हणून बघायचे नाही. दहा आणि पुन्हा दहा मिनिटांनी थांबले नाही तर दवाखाना गाठायचा. मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर थांबले तरी डॉक्टरांना दाखवायचे.

मग त्यांनी सहज विचारले, "खोलीत यंदा काही बदल झालाय का?" झाला होता. त्याच वर्षी मुलांच्या खोलीतला कूलर काढून आम्ही एसी बसवला होता. कूलरला पाणी किती लागते हे नागपूरकरणीला सांगायला नको, शिवाय त्या टाकीत डेंग्यूच्या डासांची भीती. एसी बसवल्याबरोबर घर कसे शांत झाले होते. आता गंमत बघा. कूलर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून भला मोठा ह्युमिडिफायरच! बाहेरची रखरखीत हवा ओल्या वुडवूलच्या किंवा वाळ्याच्या ताट्यांतून आत ओढतो, हवा पाणी पिते आणि त्यातच गार होते. एसी हवेला पाण्याचा थेंबही देत नाही. देणे सोडाच, असलेला ओलावाही काही काढून घेतो आणि नळीवाटे बाहेर टाकतो. वर्षानुवर्षे उन्हाळ्याच्या रात्री आमच्या खोलीत जो ओलावा असे तो एका झटक्यात निम्म्यावर आला होता.

खोलीतला ओलावा मोजायला हायग्रोमीटर मिळतो. टेबलावरच्या छोट्या घड्याळाएवढा, काही शे रुपयांत येतो. माझे स्पष्ट मत आहे, की यंत्राआधी हा घ्यावा. अमेरिकेतली पर्यावरण संस्था घरातला ओलावा तीस ते पन्नास टक्क्यांत ठेवा असे सांगते. पन्नासच्या वर गादीतले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे फोफावतात, साठच्या वर बुरशी धरते. दोन्हींनी दमेकरी मुलाचा दमा उसळतो. तेव्हा घरात दम्याचे मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा खटाटोप करूच नये. आमच्या एसीच्या खोलीत काटा पहाटे तिशीच्या आसपास असे, कधी त्याच्याही खाली. मी तो चाळीस ते पन्नासच्या मधे धरायचा ठरवले.

आधी मी बिनपैशाचा उपाय केला. दोन मोठे पंचे ओले करून, पाणी गळणार नाही इतपत पिळून, खोलीत दोरीवर घातले. सकाळपर्यंत ते वाळले आणि काटा अडतीसपर्यंत चढला. यात नवल नाही. दहा बाय बाराची खोली घ्या. तिचा ओलावा तीसावरून पंचेचाळीसवर न्यायला हवेत जेमतेम शंभर ग्रॅम पाणी लागते, म्हणजे अर्धी वाटी! पण दाराखिडक्यांच्या फटींतून हवा सारखी बदलत असते, म्हणून तेवढेच पाणी दर तासाला पुन्हा द्यावे लागते. आठ तासांच्या झोपेला पाऊण-एक लिटर धरा. हा हिशेब मुद्दाम सांगते, कारण दुकानदार तुम्हाला सहा लिटरची टाकी दाखवील. मुलाच्या एका खोलीला दोन-तीन लिटर भरपूर झाले. आणि ते कपाएवढे, तीनचारशे रुपयांचे, रंगीत दिवे लागणारे खेळणे असते ना, त्यात रात्रभर पुरेल एवढे पाणीच मावत नाही. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी खुशाल पंचे वापरावेत. मला मात्र ऐन परीक्षेच्या दिवसांत रोज रात्री दहा वाजता पंचे पिळायचा कंटाळा आला, म्हणून यंत्र.

बाजारात याचे तीन प्रकार असतात. एक, पाणी उकळून वाफ सोडणारे. दुसरे, ओल्या जाळीतून पंख्याने हवा ढकलणारे, म्हणजे धाकटा कूलरच. तिसरे, ज्यात एक छोटी तबकडी सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचे धुके करते. हे अल्ट्रासॉनिक. दुकानांत बहुतेक हेच दिसते.

सासूबाईंचा सगळा ओढा पहिल्याकडे. त्या म्हणाल्या, "वाफ ती वाफ. थंड धुक्यानं पोरीला सर्दीच व्हायची." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पाणी उकळल्याने जंतू मरतात आणि क्षार भांड्यातच राहतात, ही या यंत्राची जमेची बाजू. पण आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या मुलाच्या मांडीवर आजही तळहाताएवढा व्रण आहे. वाफारा घेताना पातेले कलंडले होते. जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या, तरी निमिषात झाले. मी सासूबाईंना एवढेच म्हटले, "आई, रात्री मनू पाणी प्यायला उठली आणि अंधारात वायरीला पाय लागला तर?" त्या गप्प झाल्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्थाही मुलांच्या खोलीत गार धुक्याचेच यंत्र ठेवा, असे याच कारणासाठी सांगते. आणि मे महिन्यात एकीकडे एसीने खोली गार करायची आणि दुसरीकडे उकळते पाणी ठेवायचे, यात तरी काय हशील?

दुसरा प्रकार मला मनापासून आवडला होता. त्यातून फक्त पाण्याची वाफच हवेत जाते, क्षार जाळीत अडकतात, आणि हवेत ओलावा वाढला की त्याचे पाणी देणे आपोआप मंदावते. पण आमच्या गावात तो चटकन मिळेना, आणि त्याच्या जाळ्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. त्या जाळ्या पुढच्या वर्षी मिळतीलच याची खात्री दुकानदार देईना. तुमच्याकडे मिळत असेल तर तो जरूर बघा.

राहिले अल्ट्रासॉनिक. याची खोड अशी, की पाण्यात जे असेल ते सगळे ते हवेत उडवते. बोअरचे पाणी घातले तर दोन दिवसांत कपाटावर, पुस्तकांवर, आरशावर पांढरी पूड बसते. गिझरच्या आत जो थर बसतो तोच हा क्षार, फक्त आता तो मुलाच्या श्वासात जातो. पाणी उकळून घेतले तर जंतू मरतील, पण क्षार बहुतेक तसेच राहतील. आम्ही आरओचे पाणी घालतो, त्याने पूड अगदी थोडी बसते. डिस्टिल्ड वॉटर सर्वांत उत्तम, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डब्यातून मिळते ते नव्हे. ते श्वासासाठी विकलेले नसते. आणि एसीच्या नळीचे पाणी बादलीत साठवून वापरू का, असे माझ्यासारख्याच एका काटकसरी मैत्रिणीने विचारले होते. ते पाणी धूळ साचलेल्या ताटलीतून येते. त्याने अंगण धुवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाण्यात पाण्याशिवाय काहीही घालायचे नाही. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या टाकीत घालायची जंतुनाशके दुकानांत मिळत. टाकी स्वच्छ राहावी, बाळाला जंतूंची बाधा होऊ नये, म्हणून आया ती मोठ्या काळजीने घालीत. २०११ साली सोलच्या एका मोठ्या रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुफ्फुसांच्या अनाकलनीय आजाराने दाखल होऊ लागल्या. शोध घेता घेता सरकारी तपासणी या जंतुनाशकापर्यंत पोचली, आणि त्याच वर्षी ती दुकानांतून काढून घेतली गेली. तोवर कितीतरी बाळे आणि आया गेल्या होत्या. हातापायांना लागले तर फारसे काही न करणारे ते रसायन फुफ्फुसात जाऊन काय करते, हे विकण्याआधी कुणी तपासलेच नव्हते. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ हातातले काम विसरून बसले होते. निष्काळजी आयांची मुले नव्हती ती, जपणाऱ्यांची होती.

म्हणून आमच्याकडे टाकीत डेटॉल नाही, फिनेल नाही, निलगिरीचे तेल नाही, कापूर तर मुळीच नाही. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्याजणींना ठाऊक आहे. सुगंधी तेलाची वेगळी कप्पी असलेली यंत्रे मिळतात. मुलांच्या खोलीत ती कप्पी रिकामीच ठेवावी.

बरे, दुकानात गेल्यावर बघायचे काय? माझी कसोटी अगदी स्वयंपाकघरातली आहे. टाकीत माझा अख्खा हात जातो का? लोणच्याची बरणी घेताना आपण हेच बघतो ना? आमच्या ह्यांना एक निमुळत्या तोंडाचे, हंसाच्या मानेसारखे यंत्र फार आवडले होते. मी त्यात हात घालून बघितला, तर बोटेसुद्धा धड जाईनात. दुकानातला मुलगा हसला. हसू दे. ज्या भांड्यात हात जात नाही ते घासता येत नाही, आणि जे घासता येत नाही त्यात तिसऱ्या दिवशी बुळबुळीत थर येतो. तो थर मग धुक्याबरोबर मुलीच्या नाकात. यानंतरची बघायची गोष्ट म्हणजे पाणी संपले की यंत्र आपोआप बंद होते का. आणि दिवा! काही यंत्रांचा निळा दिवा इतका प्रखर, की खोलीत जत्रा भरल्यासारखे वाटते. तो बंद करता आला पाहिजे. ओलावा ठरावीक आकड्यावर आला की थांबणारी यंत्रेही असतात, पण त्यांच्यातला काटा यंत्राच्या तोंडाशीच असल्याने तो नेमका सांगेलच असे नाही. आपला हायग्रोमीटर पलंगाशी ठेवावा.

आम्ही रुंद तोंडाचे, वरून पाणी ओतायचे, तीन लिटरचे घेतले. आणताना मी ह्यांना सरळ सांगितले, "हे घरातलं आणखी एक भांडं आहे. रोज घासावं लागणार. माझ्या भांड्यांत हे धरू नका." रोज सकाळी उरलेले पाणी ओतून टाकायचे, टाकी पुसून कोरडी करून उघडी ठेवायची, रात्री ताजे पाणी. दर तिसऱ्या दिवशी पांढऱ्या व्हिनेगरने तबकडीवरचा क्षार काढायचा आणि वास जाईपर्यंत खळबळून धुवायचे. हे काम दाढी झाल्यावर हेच करतात. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरले. मी काही बोलले नाही, ते काम केलेही नाही. त्या दोन रात्री यंत्र बंद राहिले. तिसऱ्यांदा मनूनेच आठवण केली, "बाबा, माझं ढगांचं भांडं!" तेव्हापासून चुकलेले नाहीत. मैत्रिणींनो, हे काम कुणाचे हे ठरल्याशिवाय यंत्र घरात आणू नका. धुण्या-भांड्यांत ते आपोआप आपल्याच गळ्यात पडते. आणि ज्या दिवशी आपण आजारी असतो त्या दिवशी कालचेच पाणी मुलीच्या खोलीत उडत राहते.

ठेवायचे कुठे, यावरही थोडे. पलंगापासून तीनचार फुटांवर, स्टुलावर किंवा टेबलावर, मुलाचा हात पोचणार नाही अशा बेताने. धुक्याचे तोंड मुलाकडे नको, भिंतीकडेही नको, प्लगच्या बाजूला तर नकोच. खाली जमीन ओली होत असेल किंवा खिडकीच्या काचेवर पाणी जमत असेल, तर ओलावा जास्त झाला असे समजून यंत्र मंद करावे. दार पूर्ण लावू नये, बोटभर फट ठेवावी.

गुण आला का, असे तुम्ही विचारालच. त्या उन्हाळ्यात, यंत्र आल्यानंतर, मनूचा घोळणा दोनदाच फुटला. गेल्या वर्षी एकदा. पण खरे सांगायचे तर नखे, थेंब आणि व्हॅसलिनही त्याच वेळी सुरू झाले होते, तेव्हा सगळे श्रेय यंत्राला देणार नाही. डॉक्टरीणबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "चारही चालू ठेवा, मोजत बसू नका." सर्दी-खोकला मात्र या यंत्राने बरा होत नाही. तशी आशा धरून कुणी घेऊ नये.

मनूला रात्री नाकात काही झाले तर मला उठवायचे, हे आता पक्के ठरले आहे. उशीच्या दोन्ही बाजू मी अजूनही सकाळी बघते. आजीला घाबरू नये म्हणून सासूबाईंनाही नाक चिमटीत धरायला शिकवले. त्या घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटे मोजतात, कांदा मात्र शेजारी ठेवतातच. ठेवोत बापड्या, कांद्याने काही बिघडत नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडला की यंत्राचे काम संपले. टाकी व्हिनेगरने स्वच्छ करायची, दोन दिवस खडखडीत वाळवायची, आणि झाकण न लावता जुन्या सुती धोतराच्या फडक्यात सैल गुंडाळून माळ्यावर टाकायची. झाकण लावून ठेवलेत तर दिवाळीनंतर थंडीत काढताना आत कुबट वास आणि काळे ठिपके सापडतील. तसे झाले तर नुसते पुसून लगेच लावू नका. पुन्हा व्हिनेगर, पुन्हा घासणे, पुन्हा वाळवणे, आणि तरीही ठिपके गेले नाहीत तर ती टाकी सरळ टाकून द्या.